पूर्व कुठली? पडदा, घुमट आणि मुलुंडची एक गच्ची

मुलुंड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून पाच रस्त्याच्या दिशेने चालू लागले की मुंबईच्या इतर उपनगरांत सहसा न आढळणारी एक गोष्ट ध्यानात येते. येथले रस्ते बऱ्यापैकी सरळ आहेत आणि पुष्कळ ठिकाणी एकमेकांना काटकोनात छेदतात. याचे कारण सांगताना १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केलेल्या आखणीचा दाखला दिला जातो. म्हणजे येथे आधी कागदावर गाव रेखले गेले आणि मग ते जमिनीवर उतरले. चित्र आधी, वस्ती नंतर, हा क्रम मुलुंडला नवा नाही.

त्यानंतर शंभर वर्षांनी याच गावात, आमच्या तीन मजली इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत, पुन्हा एकदा चित्र आधी आले. विकासकाच्या वतीने आलेल्या एका उमद्या तरुणाने प्रथम पडद्यावर चित्रफीत दाखवली आणि मग एकेका सभासदाच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवला. चष्मा लावलेला मनुष्य सतरंजीवर उभा असे, परंतु मान मात्र अठराव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात फिरवी. तळमजल्यावरच्या आजींनी हात पुढे करून नसलेल्या भिंतीला टेकू पाहिले. शेजारच्यांनी सावरले म्हणून बरे. चष्मा काढल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाळा, घर छान आहे रे. पण पूर्व कुठली?" देव्हारा कोठे ठेवायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. तरुण हसून उत्तरला, "आजी, तुम्ही म्हणाल तिकडे करून देतो."

सभा हसली, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर सलू लागले. कारण चित्रफितीत सूर्य डोंगरामागून उगवताना दाखवला होता, आणि मुलुंडच्या डोंगररांगा तर पश्चिमेला आहेत. येथे सूर्य खाडीच्या बाजूने उगवतो आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांआड मावळतो. हे येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. चित्रकाराला चूक ठाऊक नव्हती असे नाही. त्याच्या लेखी त्या घराला दिशाच नव्हती.

प्रतिमा आणि प्रत्यक्ष जागा यांची सरमिसळ करणारी वास्तुकला हे संगणकयुगाचे अपत्य आहे, असे समजण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्राचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. भिंतीवर प्रकाशाने दुसरी जागा उभी करण्याचे प्रयोग आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. आजींचा प्रश्न हाती धरून त्यांतल्या काही ठिकाणी जाऊन यावे, असे आम्ही ठरवले.

पहिले ठिकाण मुलुंडहून लोकलने जाता येईल असे, कल्याण. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांमागे दिवा, पुढे भिंग, आणि अंधाऱ्या दालनात समोर ताणलेला पांढरा पडदा, अशी ही मांडणी होती. एकाहून अधिक कंदील वापरून, एक चित्र विरवीत दुसरे उजळवीत, आकृती हलल्याचा भास निर्माण केला जाई. रामायण-महाभारतातील प्रसंग, त्यांना जोडून निवेदन आणि पदे, असा हा खेळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र गावोगावी करीत असत. आपल्याकडे चलच्चित्र दाखवले गेले ते १८९६ च्या जुलैत, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. खरोलिका त्याच्या चार वर्षे आधीची.

या खेळाच्या नावाकडे लक्ष द्यावे. शंबर हा पुराणांतला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया, जादू. पटवर्धनांनी आपल्या यंत्राला सरळ मायेचेच नाव दिले. प्रेक्षक दालनात शिरण्यापूर्वीच त्याला सांगितलेले असे, की आत जे दिसेल ती माया आहे. शिवाय निवेदक जिवंत समोर उभा असे, आणि दिव्याचा उजेड कोठून येतो हेही मान वळवून पाहता येई. सीतेचे स्वयंवर मिथिलेत घडे, पण बसायचे कल्याणातल्या जाजमावर, याचा विसर कोणाला पडत नसे. तो पडावा अशी पटवर्धनांची अपेक्षाही नसावी.

याउलट उदाहरण युरोपात सापडते. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली 'पॅनोरमा'चे पेटंट घेतले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास वर्तुळाकार इमारत उभी राहिली. आतल्या सबंध गोल भिंतीवर एकच अखंड चित्र. प्रेक्षकाला आधी अंधाऱ्या बोळातून नेत, मग जिन्याने मधल्या चौथऱ्यावर चढवीत. बोळ मुद्दाम अंधारा ठेवलेला असे, कारण बाहेरचे शहर आणि बाहेरच्या दिशा डोळ्यांतून पुसल्या गेल्याशिवाय आतले चित्र खरे वाटत नाही. चित्राची वरची कडा छताखाली झाकलेली, खालची चौथऱ्याआड. आमच्या सभेतल्या चष्म्याने जे काम दोन पट्ट्यांनी साधले, ते बार्करला अख्खी इमारत बांधून साधावे लागले.

दुसरे ठिकाण कोल्हापूर. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतबंधू या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संगीत नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत असत. लोक त्यांना 'पेंटर' म्हणत, आणि तेच त्यांचे आडनाव होऊन बसले. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळे एका सपाट कापडावर. अशा पडद्याचे एक रहस्य असते. यथादर्शनाने रंगवलेले चित्र एकाच ठिकाणाहून नीट दिसते. दालनाच्या मधोमध बसलेल्या मनुष्याला राजवाड्याची खांबांची ओळ खोलवर जाताना दिसेल. कडेच्या बाकावरच्याला तीच ओळ तिरकी, मोडलेली दिसेल. चित्र कोणासाठी खरे आहे, हे आसनावर ठरते. युरोपातल्या दरबारी रंगभूमीत ते उत्तम आसन राजाचे असे.

आनंदराव १९१६ साली गेले. चित्रपट काढण्याचे दोघांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. येथे त्यांनी जे केले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ज्या माणसाची हयात पडदे रंगवण्यात गेली होती, त्यानेच चित्रपटातून रंगीत पडदा काढून टाकला आणि त्याच्या जागी उंची, खोली, जाडी असलेली, माणसांनी वावरावे अशी नेपथ्यरचना उभी केली. १९२५ चा 'सावकारी पाश' आठवला की समीक्षक त्यातल्या वास्तवतेविषयी बोलतात. ती वास्तवता कथेइतकीच भिंतींचीही होती. कापडावरच्या दारातून नट ये-जा करू शकत नाही, कापडावरच्या खांबाची सावली नटाच्या अंगावर पडत नाही. प्रकाश खऱ्या वस्तूवर पडला म्हणजे कोठून आला ते सांगतो. रंगवलेल्या प्रकाशाला ते सांगण्याची गरज नसते.

ज्या रंगभूमीवर असे पडदे झुलले त्यांपैकी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. त्या रात्री कोल्हापुरातली माणसे रस्त्यावर उभी राहून रडली, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. नाटकांची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, आठवणी यांतले काहीही त्या आगीने नेले नव्हते. तरीही ती रडली. प्रतिमा वाचली म्हणून जागा वाचत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

तिसरे ठिकाण घुमटाचे. त्याची जन्मकथा जर्मनीतल्या येना गावची. झाइस कारखान्यातील अभियंता वाल्टर बाउअर्सफेल्ड यांच्यापुढे प्रश्न होता की म्युनिकच्या संग्रहालयाला आकाश कसे दाखवावे. आधीची कल्पना अशी, की पत्र्याचा मोठा गोल करावा, त्याला तारकांची भोके पाडावीत, आणि तो प्रेक्षकांभोवती फिरवावा. बाउअर्सफेल्डांनी ती उलटी केली. घुमट स्थिर ठेवावा आणि मध्यभागी ठेवलेल्या प्रक्षेपकाने तारे त्यावर टाकावेत. परंतु त्यासाठी अचूक अर्धगोल हवा होता, आणि तसा घुमट बांधण्याची हलकी पद्धत हाताशी नव्हती. तेव्हा कारखान्याच्या छपरावर बारीक लोखंडी कांबींची त्रिकोणी जाळी जोडून १६ मीटर व्यासाचा अर्धगोल उभारला गेला आणि त्यावर काँक्रीटचा पातळ थर चढवला गेला. १९२३ साली तेथे आकाश उजळले. काँक्रीटच्या पातळ कवचांचे पुढचे सारे बांधकामशास्त्र या घुमटाचे ऋण मानते. प्रतिमेने येथे वास्तूला नवा आकार दिला, आणि वास्तूवाचून ती प्रतिमा शक्य नव्हती. दोघींचे असे लग्न क्वचितच जुळते.

महाराष्ट्रात हे आकाश प्रथम १९५४ साली पुण्यात उतरले. टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले, तेही एका शाळेच्या आवारात, ही गोष्ट अभिमानाची आहे. ते आशियातील पहिले असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. ओसाकात १९३७ साली आणि तोक्योत १९३८ साली झाइसचे प्रक्षेपक बसले होते. पुण्याचा मान भारतातल्या पहिलेपणाचा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी उघडले. वास्तुविशारद होते आय. एम. कादरी.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या शाळेतून सहलीची बस वरळीस गेली, तेव्हा आम्ही त्या घुमटाखाली प्रथम बसलो. खुर्ची मागे कलली, दिवे मंद झाले, आणि निवेदकाने ताऱ्यांविषयी बोलण्यापूर्वी दिशा सांगितल्या. ही उत्तर, ही पूर्व, येथे सूर्य मावळतो आहे. एका शब्दाने घुमट मुंबईला बांधला गेला. जे आकाश आम्हाला दिसत होते ते कोठलेही आकाश नव्हते. ते आमच्याच डोक्यावरचे, पण दिव्यांच्या उजेडाने आमच्यापासून हिरावलेले आकाश होते. खेळ संपताना कृत्रिम पहाट झाली, आणि ती पूर्वेकडूनच झाली. बाहेर आलो तेव्हा दुपार होती, समुद्र पश्चिमेला होता, आणि सगळे जुळत होते.

२००३ साली तेथील जुन्या यंत्राच्या जागी 'डिजिस्टार ३' ही संगणकीय प्रणाली आली. जुन्या झाइसच्या तारागोलाची एक मर्यादा होती: तो पृथ्वीवरून दिसणारे आकाश दाखवी. कोणत्याही अक्षांशावरून, कोणत्याही तारखेचे, पण पाय पृथ्वीवर ठेवूनच. संगणकाने ही दोरी कापली. आता घुमटाखालचा प्रेक्षक शनीच्या कड्यांतून जाऊ शकतो, आकाशगंगेबाहेर पडून मागे वळून पाहू शकतो. हे थोर आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु जो कोठेही जाऊ शकतो त्याला आपण कोठे आहोत हे वेगळे सांगावे लागते. पूर्वी ते यंत्रच सांगत असे. आता ती जबाबदारी निवेदकावर आली. चांगला निवेदक ती पार पाडतो आणि उड्डाण संपवून श्रोत्यांना परत मुंबईच्या क्षितिजावर उतरवतो.

नव्वदच्या दशकात संगणकाने वास्तुकलेत प्रवेश केला, तेव्हा या प्रश्नाशी काही वास्तुविशारद उघडपणे खेळले. नेदरलँड्समधील नील्तये यान्स या बेटावर १९९७ साली 'नॉक्स'च्या लार्स स्पाउब्रुक यांनी गोड्या पाण्याचा मंडप बांधला. त्यात सपाट जमीन जवळजवळ नव्हतीच. जमीन, भिंत आणि छत एकमेकांत वळत जात, आणि पाहणाऱ्याच्या पावलांनी संवेदक जागे होऊन प्रकाशाच्या लाटा उठत. क्षितिज त्यांनी जाणूनबुजून काढून टाकले होते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारासाठी 'असिम्प्टोट'च्या हानी रशीद आणि लीज ॲन कूतूर यांनी १९९९ साली त्रिमितीतले आभासी व्यापारदालन रचले, आणि ते दाखवणारी प्रत्यक्ष जागाही बाजाराच्या मजल्यावर बांधली. पहिल्या प्रयोगात प्रतिमा पाहणाऱ्याच्या पावलाला बांधलेली होती, दुसऱ्यात चालू व्यवहाराच्या आकड्यांना. दोन्हीकडे प्रतिमेला खऱ्या जगातल्या कशाला तरी जाब द्यावा लागत होता. पाऊल थांबले की लाट थांबे.

येथे आम्हाला आमच्या सभेतल्या चष्म्याविषयीची अस्वस्थता नेमकी सापडली. माया हा आक्षेप नव्हे. मायेवर प्रेम करणाऱ्यांचेच हे राज्य आहे. मुलुंडच्या नाट्यगृहाला कालिदासाचे नाव आहे, आणि त्या कवीने रामगिरीपासून अलकेपर्यंतचा सारा प्रदेश ढगाच्या डोळ्यांनी दाखवला, तेव्हा उंचावरून पाहण्याचा कोणताही यंत्रसंभार नव्हता. पण मेघाला मार्ग सांगितलेला आहे. कोठून निघायचे, कोठे वळण घ्यायचे, उज्जयिनी वाटेवर नसली तरी का जायचे, हे सारे त्यात आहे. रामटेकच्या गडावर उभे राहून आजही उत्तरेकडे पाहता येते. चष्म्यातल्या घराला मात्र मार्ग नव्हता. शेजारची इमारत त्यातून पुसलेली होती, मागचा नाला झाडीखाली गेलेला होता, आणि डोळ्याची उंची कोणाची होती हे कळत नव्हते. ते चित्र कोणत्याही पावलाला, कोणत्याही आकड्याला, कोणत्याही दिशेला जाब देत नव्हते. आणि त्याच्या भरवशावर चोवीस कुटुंबांनी सह्या करायच्या होत्या.

कायद्याला हा धोका ठाऊक आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला; त्याच्या बाराव्या कलमानुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या विधानावर विसंबून ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाई मागता येते, पैसे व्याजासह परत मागता येतात. म्हणजे दाखवलेली नमुना सदनिका ही कायद्याच्या दृष्टीने एक वचन आहे. परंतु वचनभंग सिद्ध करायचा तर वचन मोजता आले पाहिजे. डोंगरामागून उगवणारा सूर्य कोणत्या फुटपट्टीने मोजावा?

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची सारी नोकरी बांधकामावर देखरेख करण्यात गेली. त्यांनी सुचवले ते जुन्या गवंड्यांचे तंत्र होते. पाया खणण्याआधी भिंतींच्या रेषा जमिनीवर आखून घेतात, दोरी ताणून, गुण्या लावून, वर पांढरी फक्की मारून. त्यांनी विकासकाकडून सदनिकेचा मोजमापांचा नकाशा मागवला, त्यावर उत्तरेचा बाण नव्हता म्हणून तो परत पाठवला, आणि बाण आल्यावर मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. दोरी, टेप, गुण्या आणि फक्कीचे घमेले. नकाशातली दिशा गच्चीवरच्या दिशेशी जुळवून दोन तासांत एक अख्खे घर, एकास एक प्रमाणात, सिमेंटच्या कोब्यावर उमटले. भिंती अर्थातच नव्हत्या. कोणी खाट आणली, कोणी फ्रीजचे रिकामे खोके, कोणी घडीचे टेबल.

मग माणसे त्या घरात राहू लागली. आम्हाला दुसरा शब्द सुचत नाही. स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्यावर तिसरीला जाता येईना. झोपायच्या खोलीचे दार खाटेवर आपटत होते. चित्रफितीत ते दार सदैव उघडे दाखवले होते, म्हणून कळले नव्हते. एका आजोबांनी चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या रेषेपर्यंत आणली आणि वळवून दाखवली, वळली नाही. उलट, चित्रात कोंदट वाटलेला मधला बोळ प्रत्यक्षात चांगला रुंद निघाला, आणि ज्यांनी त्याविरुद्ध मत दिले होते त्यांनी ते मागे घेतले. फक्की कोणाच्याच बाजूची नव्हती.

तळमजल्यावरच्या आजी शेवटी वर आल्या. जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला होता. त्या दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि काही न विचारता मान वळवली. शेजारच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन येत होते. "म्हणजे देव इथे," असे म्हणून त्यांनी पायानेच एक कोपरा दाखवला आणि चटकन कानाला हात लावला, देवाच्या जागेला पाय लागला म्हणून. निवृत्त गृहस्थांनी तेथे फक्कीची एक लहानशी चौकट काढली.

पुढे काय झाले असे कोणी विचारील. सभेने चित्रफितीवर मतदान न करण्याचा ठराव केला. यापुढे येणाऱ्या प्रत्येक रेखाटनावर उत्तरेचा बाण, डोळ्याची उंची आणि कोणत्या महिन्यातल्या कोणत्या वेळचे ऊन ते लिहिलेले असावे, आणि शेजारच्या इमारती त्यांच्या जागी दाखवलेल्या असाव्यात, एवढी अट घातली. विकासकाने ती मान्य केली. दाराची बाजू बदलली, न्हाणीघर सहा इंच वाढले. करारावर अजून सह्या झालेल्या नाहीत आणि आम्ही स्वतः काय करणार हे आम्हाला ठाऊक नाही. जून लागला आणि पहिल्या पावसात गच्चीवरचे घर वाहून गेले. कोपऱ्यातली ती लहान चौकट मात्र टाकीच्या आडोशाला होती. ती आणखी आठवडाभर दिसत होती.